मुदत सरली, आता कुळाने काय करावे?

(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बी-बियाणे, खते, औषधफवारणी यांविषयी आपण या कार्यक्रमात नेहमी बोलतो. आज थोडे कागदाविषयी बोलायचे आहे. पीक कितीही चांगले आले, तरी ज्या जमिनीत ते घेतले तिचा कागद कच्चा असेल तर सारी मेहनत वाऱ्यावर जाते. खंडाने किंवा वाट्याने जमीन कसणाऱ्यांना याचा अनुभव आहेच.

गावोगाव एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, मी तीन वर्षांच्या बोलीने जमीन कसायला घेतली. मुदत यंदा अक्षयतृतीयेला संपते. आता मी मालकाला नोटीस द्यायची का? दिली नाही तर काय होईल? आणि जमीन सोडायची नसेल तर?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. पण तीन-चार गोष्टी नीट ध्यानात घेतल्या तर ते अवघडही नाही.

एक खुलासा आधीच करतो. महाराष्ट्रात कुळांसाठी एकच कायदा नाही. कोकण, पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेश या जुन्या मुंबई राज्यातल्या भागाला १९४८ चा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे. मराठवाड्याला हैदराबाद राज्याचा १९५० चा कायदा आणि विदर्भाला १९५८ चा कायदा लागू आहे. तिन्हींचा हेतू एकच आहे, पण कलमांचे आकडे आणि काही मुदती वेगळ्या आहेत. आज मी मुख्यतः १९४८ च्या कायद्याविषयी सांगणार आहे. दुसऱ्या भागाचा जिथे वेगळा नियम आहे, तिथे तसे सांगेन.

मुदत सरली म्हणून वहिवाट सरत नाही

पहिली गोष्ट. पुष्कळांची समजूत अशी, की कागदावर तीन वर्षे लिहिली म्हणजे तीन वर्षांनी कुळाचा हक्क आपोआप संपला. काही जण अकरा महिन्यांचा कागद करतात आणि म्हणतात, "बारा महिने होऊच दिले नाहीत, मग कूळ कसले?"

ही समजूत बरोबर नाही. १९४८ च्या कायद्यात १९५६ साली मोठी दुरुस्ती झाली, आणि तेव्हा ४-ब हे कलम आले. ते अगदी सरळ सांगते: कराराने किंवा वहिवाटीने ठरलेली मुदत संपली, एवढ्याच कारणावरून कोणत्याही जमिनीची कुळवहिवाट संपुष्टात येणार नाही. म्हणजे कागदावर अकरा महिने असोत, तीन वर्षे असोत की पाच, शेवटचा दिवस उजाडला म्हणून कुळाने औत सोडून घरी जावे असे कायदा म्हणत नाही. "मुदत संपल्यामुळे जमीन सोडतो" अशी नोटीस देण्याचे बंधनही कुळावर नाही.

पण याला अपवाद आहेत, तेही ऐका. उसासाठी, फळबागेसाठी, फुलांसाठी किंवा जनावरांच्या पैदाशीसाठी म्हणून जमीन पट्ट्याने दिली असेल, तर त्याच कायद्याच्या ४३-अ कलमाप्रमाणे ४-ब आणि दुसरी बरीच कलमे तिथे लागू होत नाहीत. तिथे तुमचा करार काय म्हणतो याला फार महत्त्व येते. म्हणून उसाचा किंवा बागेचा पट्टा असेल तर मुदत आणि सूचनेची अट आधी वाचून घ्या. सरकारी जमीन, देवस्थान किंवा धर्मादाय ट्रस्टची जमीन यांनाही निराळे नियम आहेत. अशा बाबतीत तहसील कचेरीत चौकशी केल्याशिवाय कोणतेही पाऊल टाकू नका.

कूळ कोणाला म्हणायचे?

दुसऱ्याच्या मालकीची जमीन जो कायदेशीरपणे कसतो, तो कायद्याने कूळ मानला जातो. त्यातून तीन प्रकारची माणसे वगळली आहेत. एक, मालकाच्या कुटुंबातला माणूस. दोन, रोख किंवा धान्याच्या ठरलेल्या मजुरीवर काम करणारा गडी, अथवा मालकाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या देखरेखीखाली राबणारा मजूर. तीन, जमीन गहाण घेऊन ताब्यात ठेवणारा.

इथे एक बारकावा आहे. पिकाच्या वाट्यावर, म्हणजे अर्धेलीने किंवा बटईने जो स्वतः जमीन कसतो, त्याला "हा तर आमचा गडी" म्हणून बाजूला सारता येत नाही. मात्र आपण वाट्याने कसतो हे दाखवायला पुरावा लागतो. पाणीपट्टीची पावती, बियाण्याचे बिल, खंडाची पावती, पीकपाहणीतली नोंद, यांतले काहीतरी हाती असावे. खंड दिल्यावर मालकाने पावती द्यावी असे कायदाच सांगतो. तेव्हा पावती मागायला संकोच करू नका. हिशेब चोख असला म्हणजे दोघांचे संबंधही चांगले राहतात.

जमीन सोडायची असेल तर

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, कुळाला खरोखरच जमीन सोडायची आहे. मुलगा नोकरीला लागला, घरात राबणारे हात कमी झाले, किंवा विहीर आटली. मुदतही संपत आली आहे. अशा वेळी काय करावे?

बहुतेक ठिकाणी होते असे, की कूळ मालकाच्या ओट्यावर जाते, "यंदापासून तुमची जमीन तुम्हीच बघा" असे सांगते आणि मोकळे होते. फार तर एखाद्या कोऱ्या मुद्रांकावर अंगठा उठवते. कायद्याच्या दृष्टीने अशा सोडण्याला किंमत नाही. १५ व्या कलमाप्रमाणे कूळ केव्हाही जमीन मालकाच्या स्वाधीन करू शकते. जुने लोक याला राजीनामा म्हणत. पण त्याला दोन अटी आहेत. तो लेखी असला पाहिजे, आणि मामलेदारासमोर, म्हणजे आजच्या तहसीलदारासमोर, त्याची पडताळणी झाली पाहिजे.

पडताळणी म्हणजे नुसता शिक्का नव्हे. नियमाप्रमाणे तहसीलदाराने कुळाला विचारायचे असते, की बाबा, तू काय लिहून देतो आहेस ते तुला कळते का? याचा परिणाम काय होईल ते तुला ठाऊक आहे का? तू हे राजीखुशीने करतोस ना, कोणाचा दाब तर नाही? त्याची खात्री पटली म्हणजे तसा शेरा त्याच कागदावर लिहायचा असतो. ही पद्धत पाळलीच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिला. पडताळणी न झालेला राजीनामा कायद्याने राजीनामाच नव्हे, असा त्याचा अर्थ.

हा नियम जसा कुळाच्या भल्याचा, तसाच मालकाच्याही भल्याचा आहे. कुळाचे भले असे, की कोणी फसवून अंगठा घेतला तरी जमीन जात नाही. मालकाचे भले असे, की रीतसर राजीनामा झाला म्हणजे दहा वर्षांनी कुळाची मुले "आम्ही जमीन सोडलीच नव्हती" म्हणून दावा लावू शकत नाहीत. तोंडी सोडलेल्या जमिनीचे तंटे दोन-दोन पिढ्या चालतात. आणि कुळानेही हे पाहावे, की तोंडी सोडून तो मुंबईला गेला तरी कागदावर तो कूळच राहतो. मग खंड थकल्याची नोटीस घरच्या पत्त्यावर येते आणि घरच्यांना कोडे पडते.

राजीनाम्याच्या कागदात काय लिहावे? कुळाचे आणि मालकाचे पूर्ण नाव. गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र आणि आकार. वहिवाट कधीपासून आहे. पूर्ण जमीन सोडतो की काही भाग, आणि भाग असेल तर कोणता. उभ्या पिकाचे काय करायचे. खंड कोणत्या वर्षापर्यंत दिला. आणि शेवटी, "हा राजीनामा मी समजून उमजून, कोणाच्याही दाबाखाली न येता देत आहे." मजकूर पुरा झाल्याशिवाय सही किंवा अंगठा करायचा नाही. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही, मग समोरचा माणूस कितीही घरचा असो.

वेळेचे काय? १९४८ च्या कायद्याप्रमाणे राजीनामा केव्हाही देता येतो. विदर्भातही तो लेखी आणि तहसीलदारासमोर पडताळलेला लागतो. मराठवाड्यातल्या बांधवांनी मात्र एक वेगळी गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथल्या कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे वर्ष सुरू होण्याच्या निदान एक महिना आधी राजीनामा द्यावा लागतो. तो लेखी असावा, कुळाने तहसीलदारासमोर कबूल करावा आणि तो प्रामाणिकपणे दिला आहे अशी तहसीलदाराची खात्री व्हावी लागते. कायद्यातले वर्ष कोणत्या तारखेला सुरू होते ते कचेरीत आधी विचारून घ्या, म्हणजे महिना चुकणार नाही.

आणखी एक. कुळाने जमीन सोडली म्हणजे ती सगळीच्या सगळी मालकाकडे परत जाते असेही नाही. मालकाने किती जमीन ठेवावी यालाही कायद्याने मर्यादा घातली आहे. तेव्हा मालकांनीसुद्धा राजीनाम्याच्या भरवशावर लगेच दुसऱ्याशी सौदा करू नये.

जमीन ठेवायची असेल तर: एक वर्ष विसरू नका

आता उलट बाजू पाहू. कुळाला जमीन सोडायची नाही, उलट ती आपल्या नावावर व्हावी अशी इच्छा आहे. कूळकायद्याचा गाभाच हा, की कसेल त्याची जमीन. १ एप्रिल १९५७ या दिवसाला कृषक दिन म्हणतात. त्या दिवशी जे कूळ जमीन कसत होते, त्यांनी ती कायद्याने विकत घेतली असे मानले गेले. हा इतिहास आपल्याला माहीत आहे.

पण १९५७ नंतर जे कूळ झाले त्यांचे काय? त्यांच्यासाठी ३२-ओ हे कलम आहे. कृषक दिनानंतर निर्माण झालेल्या वहिवाटीत, स्वतः कसणाऱ्या कुळाला वहिवाट सुरू झाल्यापासून एक वर्षाच्या आत ती जमीन, कमाल धारणेच्या मर्यादेपर्यंत, विकत घेण्याचा हक्क आहे. करारात काहीही लिहिलेले असले तरी हा हक्क राहतो. मालक सैन्यात नोकरीवर असेल तर मात्र हे कलम लागू नाही.

हा हक्क वापरायचा तर कुळानेच लेखी सूचना द्यायची असते. आणि ती दोघांना: एक जमीनमालकाला, दुसरी शेतजमीन न्यायाधिकरणाला. तालुक्याच्या तहसील कचेरीतच हे काम चालते. ही सूचना त्या एका वर्षाच्या आत गेली पाहिजे.

कुळाने नोटीस देण्याची खरी गरज इथे आहे. माणसे मुदत संपायच्या वेळेची चिंता करतात आणि मुदत सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या वर्षाकडे लक्ष देत नाहीत. तीन वर्षांची बोली असेल तर तिसऱ्या वर्षी जाग येते. तोवर खरेदीच्या हक्काची मुदत निघून गेलेली असते. ४-ब कलमामुळे मुदत संपली म्हणून कोणी उठवणार नाही, अशा भरवशावर बसून राहू नका. कारण ठरलेल्या वेळेत कुळाने खरेदीचा हक्क वापरला नाही, तर ३२-पी कलमाखाली न्यायाधिकरण आपण होऊन किंवा मालकाच्या अर्जावरून चौकशी करू शकते. मग वहिवाट संपवून कुळाला जमिनीवरून काढण्याचा हुकूम होऊ शकतो. म्हणजे एक कागद वेळेवर गेला तर जमीन घरची होते, आणि नाही गेला तर हातातली वहिवाटही जाण्याची भीती.

सूचनेचा मजकूर साधा असावा. नमुना असा:

"मी, अमुक, राहणार अमुक, आपल्या मालकीची मौजे अमुक, तालुका अमुक येथील गट नंबर अमुक, क्षेत्र अमुक, ही जमीन अमुक तारखेपासून कूळ म्हणून स्वतः कसत आहे. कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या ३२-ओ कलमाप्रमाणे ही जमीन विकत घेण्याची माझी इच्छा आहे. ही सूचना मी त्या कलमातील मुदतीत देत आहे."

खाली तारीख, सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार. ठरीव नमुना कचेरीत मिळत असेल तर तोच भरा. मालकाची प्रत पोस्टाने नोंद करून पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा. न्यायाधिकरणाची प्रत स्वतः नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. "ठेवून जा, बघतो" असे कोणी म्हटले तरी शिक्क्याशिवाय परतू नका. सूचना दिली हे पुढे तुम्हालाच सिद्ध करावे लागते. जमिनीची किंमत नंतर न्यायाधिकरण ठरवते, त्यासाठी दोघांनाही बोलावले जाते.

मालकीण विधवा असेल तर

कृषक दिनी काही कुळांना जमीन लगेच मिळाली नाही. मालक अज्ञान होता, अपंग होता, किंवा मालकीण विधवा होती, अशा ठिकाणी खरेदी पुढे ढकलली गेली. १९५७ साली अज्ञान असलेले मालक केव्हाच सज्ञान झाले. पण विधवा मालकिणींच्या जमिनींचे तंटे अजूनही कचेऱ्यांत आणि कोर्टांत आहेत.

हिशेब असा. मालकिणीचा हक्क संपल्यावर, म्हणजे बहुधा ती वारल्यावर, तिच्या वारसाला एक वर्ष मिळते. त्या वर्षात त्याने स्वतः कसण्यासाठी जमीन मागावी. ते वर्ष सरल्यावर पुढचे एक वर्ष कुळाचे. त्या वर्षात कुळाने जमीन घेण्याची सूचना मालकाला आणि न्यायाधिकरणाला द्यावी. ही सूचना ३२-एफ कलमाखाली द्यायची.

यात कुळाची अडचण होत असे. मालकीणबाई पुण्याला किंवा मुंबईला लेकाकडे राहायच्या. त्या वारल्याची बातमी गावात पोहोचायचीच नाही. कूळ इकडे नांगर धरून, आणि तिकडे वर्षे उलटून गेलेली. मग "तुमची मुदत गेली" असे म्हणून जमीन मागायची. यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट निकाल दिला: विधवा मालकिणीचा हक्क संपल्याची खबर तिच्या वारसाने कुळाला दिली पाहिजे. खबरच दिली नाही, आणि मुदत गेली म्हणून कुळाला दोष द्यायचा, हे चालणार नाही.

निकाल कुळाच्या बाजूचा आहे, तरी त्याच्यावर विसंबून स्वस्थ बसू नका. मालकीण वारल्याचे कोणत्याही वाटेने कळले, की तारीख टिपून ठेवा आणि तहसील कचेरीत चौकशी करा. कोर्टात जिंकण्यापेक्षा कोर्टात जावेच न लागणे बरे.

मालकाकडून नोटीस आली तर

आतापर्यंत कुळाने द्यायच्या कागदाविषयी बोललो. मालकाकडून नोटीस आली तर काय करावे, तेही थोडक्यात सांगतो.

कुळाची चूक असेल तरच १४ व्या कलमाखाली मालकाला वहिवाट संपवता येते. त्या चुका अशा: महसुली वर्षाचा खंड त्या वर्षाच्या ३१ मेपर्यंत न देणे. जमिनीची कायमची नासाडी करणे. जमीन तोडून दुसऱ्याला देणे किंवा पोटकूळ घालणे. स्वतः न कसणे. शेतीशिवाय दुसऱ्याच कामाला जमीन वापरणे. यांतले कारण दाखवून मालकाने तीन महिन्यांची लेखी नोटीस दिली पाहिजे. त्या तीन महिन्यांत कुळाने चूक दुरुस्त केली, तर वहिवाट चालू राहते.

तेव्हा नोटीस आली की ती नाकारू नका. पोस्टमनला परत पाठवल्याने काही साधत नाही. नोटीस घ्या, तारीख लिहा, कारण वाचून घ्या. खंड थकला असेल तर तो तीन महिन्यांच्या आत भरा आणि पावती घ्या. मालक पावती देत नसेल तर खंड बँकेतून त्याच्या खात्यावर भरा, म्हणजे पुरावा राहील. नोटिशीला लेखी उत्तरही द्या.

थकलेल्या खंडासाठी प्रकरण तहसीलदारापुढे गेले तरी एक संधी असते. तहसीलदार थकबाकी आणि खर्च भरायला १५ दिवस देतो. तेवढ्यात रक्कम भरली तर वहिवाट वाचते. पण कुळाने तीन वर्षे खंड थकवला असेल, आणि मालकाने प्रत्येक वेळी तीन महिन्यांच्या आत तसे कळवले असेल, तर ही सवलत मिळत नाही. म्हणून "एकदम देऊ" असे म्हणत खंड साठवू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे: मुदत संपली असो, नोटीस दिलेली असो, की राजीनामा झालेला असो, तहसीलदाराच्या हुकुमाशिवाय मालकाला जमिनीचा ताबा घेता येत नाही. २९ वे कलम तसे सांगते. कोणी पेरणीच्या दिवशी माणसे घेऊन बांधावर आला, तर हातघाईवर येऊ नका. तलाठ्याला, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कळवा. पोलिसपाटलाला कळवा. आणि तहसीलदाराकडे ताब्यासाठी अर्ज करा. या अर्जाला दोन वर्षांची मुदत आहे, पण दोन वर्षे वाट बघायची नसते. जितक्या लवकर अर्ज, तितका पुरावा ताजा.

मालकांसाठी दोन शब्द

हे भाषण ऐकणाऱ्यांत दोन-चार एकरांचे मालकही आहेत. त्यांना वाटेल, असा कायदा असेल तर जमीन पडीक ठेवलेली बरी. भीती खोटी नाही. तिच्यापोटीच पुष्कळ जण कागद न करता, दरवर्षी कसणारा माणूस बदलत जमीन देतात. पण त्याने कोणाचेच भले होत नाही. कसणाऱ्याला कागदाशिवाय पीककर्ज मिळणे कठीण, आणि एका हंगामापुरत्या जमिनीत शेणखत घालायला त्याचे मन होत नाही. जमीन मात्र हलकी होत जाते. म्हणून जमीन देण्याआधी आपल्या भागाचा कायदा समजून घ्या, आणि जे ठरेल ते उघड ठरवा. बांधावरच्या भांडणापेक्षा कचेरीतली एक फेरी स्वस्त पडते.

शहरातल्या खोलीचा नियम वेगळा

जाता जाता एक सूचना. मुलांच्या शिक्षणासाठी पुष्कळ शेतकरी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी खोली घेतात. ती बहुधा अकरा महिन्यांच्या परवाना कराराने, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सने असते. शेतजमिनीचा नियम तिथे लावू नका. तिथे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे. राहण्यासाठी परवान्याने घेतलेल्या जागेची मुदत संपली, की २४ व्या कलमाप्रमाणे ताबा परत द्यावा लागतो. न दिल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मुदतीआधी सोडायची असेल तर करारात किती दिवसांची सूचना लिहिली आहे ते पाहा. करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. शेतात मुदत सरली तरी वहिवाट राहते, खोलीत मुदत सरली की किल्ली परत. एवढा फरक ध्यानात ठेवा.

थोडक्यात

शेतकरी बंधू-भगिनींनो, आजच्या बोलण्यातले एवढे तरी घरी भिंतीवर लिहून ठेवा:

१. नुसती मुदत संपली म्हणून शेतजमिनीची कुळवहिवाट संपत नाही. ऊस, फळबाग आणि फुलांच्या पट्ट्यांचे नियम वेगळे आहेत.

२. जमीन सोडायची तर लेखी राजीनामा द्या आणि तहसीलदारासमोर त्याची पडताळणी करून घ्या. मराठवाड्यात वर्षारंभाच्या निदान एक महिना आधी.

३. जमीन विकत घ्यायची तर वहिवाट सुरू झाल्यापासून एक वर्षाच्या आत मालकाला आणि न्यायाधिकरणाला लेखी सूचना द्या.

४. खंड ३१ मेच्या आत द्या, पावती घ्या.

५. मालकाची नोटीस आली तर तीन महिन्यांच्या आत चूक दुरुस्त करा.

६. कोऱ्या कागदावर सही-अंगठा करू नका, आणि तहसीलदाराच्या हुकुमाशिवाय ताबा देऊ नका.

निकाल आपल्या विरुद्ध गेला तर अपिलाला ६० दिवसांची मुदत असते. हुकुमाची नक्कल ताबडतोब मागा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. तिथे जायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

आज घरी गेल्यावर एक काम करा. पेटीतला कराराचा कागद, खंडाच्या पावत्या आणि सातबारा बाहेर काढा. वहिवाट कोणत्या तारखेला सुरू झाली ते पाहा आणि त्या तारखेपासून वर्ष मोजा. वर्ष सरायला अजून दिवस असतील, तर उद्याच तालुक्याला जा. वर्ष सरले असेल, तरी कागद घेऊन तहसील कचेरीत किंवा विधी सेवा समितीकडे जा आणि आपली बाजू आता काय आहे ते विचारून घ्या.